खांड, कंद आणि कँडी

रायपूरच्या गोल बाजारात मराठी गृहिणी 'साखर' मागते, दुकानदार 'शक्कर' तोलतो, आणि शेजारी उभा असलेला उत्तरेकडील प्रवासी त्याच पदार्थास 'चीनी' म्हणतो. नागपूरकर भोसल्यांचा अंमल १८५४ साली संपला, तरी मराठी कुटुंबे ह्या नगरात राहिली. त्यामुळे असे प्रसंग येथे नेहमीचेच आहेत. ह्यांतील पहिले दोन शब्द वस्तुतः एकाच घरचे होत. संस्कृत 'शर्करा' म्हणजे मुळात वाळू किंवा बारीक खडे. उसाच्या रसाचे दाणे पडू लागल्यावर तेच नाव त्या दाण्यांस मिळाले. प्राकृतातील 'सक्करा'पासून मराठी 'साखर' आली. 'शक्कर' ह्या रूपावर फारसी 'शकर'ची छाया आहे. परंतु तो फारसी शब्दही मूळचा भारतीयच. 'खडीसाखर' ह्या शब्दात खडा दोनदा आला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

अरबांनी हा शब्द 'सुक्कर' असा उच्चारला आणि उसाच्या लागवडीबरोबर तो युरोपात नेला. तेथे तो दोन वाटांनी शिरला, हे लक्षात घेण्याजोगे आहे. स्पेन व पोर्तुगाल येथील लोकांनी अरबी शब्द त्याच्या 'अल्' ह्या उपपदासह उचलला; म्हणून तेथे 'असूकार', 'असूकर' अशी रूपे झाली. इटलीत मात्र उपपद गळाले व 'झुक्केरो' राहिले. त्याच मालिकेत फ्रेंच 'स्यूक्र', जर्मन 'त्सुकर' व इंग्रजी 'शुगर' बसतात. ग्रीकांनी अरबांच्या पुष्कळ आधी 'साक्खारोन' हा शब्द घेतला होता. १८७९ साली सापडलेल्या एका कृत्रिम गोड द्रव्यास 'सॅकरिन' हे नाव मिळाले ते त्याच्या लॅटिन रूपावरून.

साखरेची सखी खांड. 'खण्ड' म्हणजे तुकडा. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात उसाच्या पदार्थांची नावे दिली आहेत, त्यांत 'खण्ड' व 'शर्करा' दोन्ही आहेत. खण्डाचा फारसीत 'कंद' झाला, अरबीत 'कंदी', आणि फ्रेंचांच्या 'स्यूक्र कांदी'वरून इंग्रजी 'शुगर कँडी' आली. पुढे 'शुगर' गळून केवळ 'कँडी' उरली. अमेरिकेत तिचा अर्थ कोणतीही मिठाई असा पसरला. इंग्लंडात लोक 'स्वीट्स'च म्हणत राहिले. जर्मन 'कांडिस' मात्र अजून खडीसाखरेलाच चिकटून आहे.

आता शाळेतील निबंधात विद्यार्थ्याने 'आवळा कँडी' असे लिहिले, तर शिक्षक तो शब्द परकीय म्हणून खोडण्याचा संभव आहे. त्याच निबंधातील 'गुलकंद' मात्र तांबड्या शाईतून सुटेल. वास्तविक 'गुल' म्हणजे फूल आणि 'कंद' तोच फारसी कंद, कलाकंदातही तोच. म्हणजे आपली खांड एकदा इराणमार्गे परत आली, एकदा इंग्लंडमार्गे. पहिलीला घरात घ्यावयाचे आणि दुसरीला उंबऱ्यावर अडवावयाचे, ह्याला भाषाशास्त्रात आधार नाही. शब्द नवा की जुना एवढाच काय तो भेद. शिक्षकाने तेवढा जरूर सांगावा.

एक सावधगिरी मात्र हवी. कापसाच्या बाजारात भाव 'प्रति कँडी' सांगतात. ही कँडी सुमारे ३५६ किलोग्रॅमची असते आणि मिठाईशी तिचा संबंध नाही. ती मराठी 'खंडी' ह्या मापाचे इंग्रजी रूप होय. महाराष्ट्रात खंडी वीस मणांची धरीत. छत्तीसगडच्या खेड्यांत धान मोजतानाही खंडीच बोलतात. तेथे ती वीस काठ्यांची, आणि काठा हे लाकडी माप आहे.