इंजेक्शनचा मासा

"इंजेक्शनचा नाही ना हो?" भिगवणच्या बाजारात एक बाई चिलापी उलटीपालटी करत विचारत होत्या. मी निवृत्त माणूस, कारण नसताना मध्ये पडलो. "बाई, ही उजनी धरणात जाळ्यात आलेली. हिला कोण इंजेक्शन देतंय? इंजेक्शन लागतं रोहू-कटल्याला, तेही आईबापांना. बाजारात येतात ती त्यांची लेकरं." बाईंनी माझ्याकडे संशयाने पाहिलं आणि पापलेटकडे वळल्या.

त्या इंजेक्शनवर मी अर्धं आयुष्य काढलं. रोहू-कटल्यासारखे कार्प मासे तळ्यात वाढतात, पण साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात हिरालाल चौधुरींनी पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून त्यांना अंडी घालायला लावलं आणि नदीतून मत्स्यजिरे, म्हणजे नुकतीच जन्मलेली पिल्लं, गोळा करण्याची लाचारी संपली. आम्ही बाजारात जाऊन माशांची डोकी मागायचो. "साहेब अंग ठेवून डोकं नेतात," म्हणून कोळणी हसायच्या. कवटी उघडून मोहरीएवढी ग्रंथी चिमट्याने न फोडता उचलायची आणि अल्कोहोलच्या तपकिरी बाटलीत टाकायची. मादीला पहिली मात्रा संध्याकाळी, दुसरी सहा तासांनी. मग पावसात, कंदिलाच्या उजेडात, हाप्याच्या, म्हणजे पाण्यात बांधलेल्या कापडी पिंजऱ्याच्या, कडेला बसून राहायचं. पहाटेच्या आत पाणी फटाफट उडू लागलं की चहा गोड लागायचा. पुढे ओवाप्रिम या कृत्रिम हार्मोनच्या तयार कुप्या आल्या. काम सोपं झालं, चांगलंच झालं. पण ग्रंथी डोक्यात नेमकी कुठे असते, हे आजच्या किती हॅचरीवाल्यांना दाखवता येईल?

चिलापीच्या जातभाईंचं, म्हणजे शेततळ्यातल्या तिलापियाचं प्रकरण वेगळं. १९५२ साली आयात, १९५९ साली बंदी, पुढे 'गिफ्ट' या सुधारित जातीला परवानगी. हा सरकारी इतिहास इथे नको. अडचण एवढीच, की ही मादी दर महिना-दीड महिन्याने विते आणि तळं बोटभर पिल्लांनी भरतं. म्हणून सगळे नर हवेत. त्यासाठी नुकत्याच खाऊ लागलेल्या पिल्लांना किलोमागे ६० मिलीग्रॅम मिथाइलटेस्टोस्टेरॉन मिसळलेलं खाद्य तीन-चार आठवडे देतात. तेव्हा पिल्लू ग्रॅमभरही नसतं. ताटात येतं पाच-सहा महिन्यांनी, अर्ध्या किलोचं होऊन. खाद्य थांबलं की हार्मोनचा बहुतेक अंश काही दिवसांत शरीरातून जातो. वाढीसाठी हार्मोन द्यायला बंदी घालणाऱ्या युरोपनेही १९९६च्या निर्देशात पहिल्या तीन महिन्यांतल्या पिल्लांच्या लिंगबदलाला मुभा ठेवली आहे. तरी आमचे काही आहारलेखक 'मुलींना मासे देऊ नका' लिहितात. कोंबडीबद्दलही हेच लिहून झालं होतं.

दुसऱ्या टोकाला आमच्यातलेच विद्वान. "काहीच धोका नाही," म्हणून हात झटकणारे. माझं भांडण त्यांच्याशी जास्त आहे. ताटातल्या माशाचं ठीक. पण उरलेलं खाद्य टाकीच्या तळाशी बसतं, ते पाणी ओढ्यात जातं, त्याचं काय? युरोपला निघालेल्या कोळंबीचे नमुने नायट्रोफ्युरान या प्रतिजैविकासाठी तपासतात. गोव्यात २०१८ साली माशांतल्या फॉर्मलिनचा बोभाटा झाला, तेव्हा चार दिवस सगळे जागे झाले. हॅचरीचं सांडपाणी मात्र कोणी तपासत नाही; त्यासाठी मी तीनदा टिपण पाठवलं. पोच आली.

गेल्या वर्षी एका हॅचरीत गेलो. विशीतला पोरगा घमेल्यात ते हार्मोनचं खाद्य कालवत होता. हार्मोन ज्यात विरघळवतात त्या अल्कोहोलचा वास अजून गेला नव्हता. हात उघडे, कोपरापर्यंत पांढरे. "मोजे कुठेत रे?"

"काका, मोज्यांनी गुठळ्या कळत नाहीत."

त्याने हात पँटला पुसले आणि माझ्यासाठी चहाचा कप उचलला, कडेला धरून, अंगठा आत.


मी म्हटलं, हल्ली चहा सोडलाय.