पोलिओच्या भाऊबंदांचा मागोवा

१९७१ साली मुंबईत घरोघरी डोळे आले. रक्ताळलेले डोळे आठवड्याभरात निवळत. पण काही रुग्ण त्यानंतर पाय लुळे पडले म्हणून दवाखान्यात आले. डॉ. नोशीर वाडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही आजारांचा संबंध ओळखून ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. साथीमागचा एन्टरोव्हायरस ७० हा पोलिओच्या घराण्यातला. १९८१ मध्ये मुंबईने पुन्हा तेच पाहिलं.

एकोव्हायरसही त्याच घराण्यातले. मुंबईत १९४९ मध्ये सुरू झालेलं पोलिओ संशोधनाचं काम पुढे परळच्या एन्टरोव्हायरस रिसर्च सेंटरमध्ये वाढलं. लुळेपणा आलेल्या मुलांच्या शीतले विषाणू तिथे दोन प्रकारच्या पेशींवर वाढवत. आरडी पेशींवर घराण्यातले बरेच विषाणू वाढतात, तर एल२०बी पेशी मुख्यतः पोलिओलाच थारा देतात. शोध पोलिओचा होता, त्यामुळे बाकीचे बहुधा ‘पोलिओ नाही’ या एका शेऱ्याखाली जात. शहराच्या सांडपाण्यात रानटी पोलिओ शेवटचा सापडला नोव्हेंबर २०१० मध्ये. २०१४ च्या मार्चमध्ये देश पोलिओमुक्त ठरला. हे यश फार मोठं आहे. पण तेव्हाच नजर या भाऊबंदांकडे वळायला हवी होती, असं मला ठामपणे वाटतं.

का, ते एकोव्हायरसने दाखवलं. मे २०२३ मध्ये फ्रान्सने जागतिक आरोग्य संघटनेला कळवलं की जुलै २०२२ पासून एको-११ या प्रकाराने ९ नवजात बाळांना गाठलं आणि त्यातली ७ दगावली. सगळी जन्मानंतर ७ दिवसांच्या आत आजारी पडली होती. आईला बाळंतपणाच्या तोंडावर लागण झाली, तर बाळाला विषाणू मिळतो, पण तिची प्रतिपिंडं तयार होऊन पोचायला वेळच उरत नाही. मग यकृत निकामी होतं, रक्त गोठेनासं होतं.

आपल्या उपनगरांत, अंधेरी असो की मुलुंड, दोन खोल्यांत बाळंतीण, आजी आणि बालवाडीतून ताप घेऊन आलेलं मोठं भावंड एकत्र असतात. मोठ्याला दोन दिवसांची कणकण, बाळाला अतिदक्षता विभाग. तिथे बाळ ‘सेप्सिस’ म्हणून दाखल होतं, अँटिबायोटिक सुरू होतं, ब्लड कल्चरचा रिपोर्ट ‘नो ग्रोथ’ येतो. त्या कल्चरमध्ये विषाणू दिसणारच नसतो. त्यासाठी रक्ताची, शीची, पाठीतल्या पाण्याची पीसीआर तपासणी लागते. ज्यांच्या शरीरात जन्मतः प्रतिपिंडंच तयार होत नाहीत, अशा रुग्णांच्या मेंदूत तर हा विषाणू महिनोन्‌महिने मुक्काम करतो. हमखास औषध अजून नाही.

म्हणून ‘सेप्सिस’ समजून दाखल झालेल्या बाळाच्या आईला डॉक्टरांनी बाळंतपणाआधीच्या तापाबद्दल आवर्जून विचारावं, आणि घरच्यांनी तो न विचारताही सांगावा. बाळाला घेण्याआधी प्रत्येकाने साबणाने हात धुवावेत. या विषाणूला मेदाचं आवरण नसल्याने नुसत्या सॅनिटायझरवर भागत नाही.