कधीतरी ओले होणारे अंथरूण

बन्नूर हे मैसूर जिल्ह्यातील टी. नरसीपूर तालुक्यातले, मैसूर शहरापासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावरील पेठेचे गाव. कावेरीच्या पाण्यावर येथे भात आणि ऊस पिकतो, आणि आखूड पायांच्या, भरल्या अंगाच्या मेंढ्यांच्या जातीमुळे गावाचे नाव दूरवर माहीत झाले आहे. ऊसपट्ट्यातील मराठी वाचकाला असे गाव परके वाटणार नाही. घराला घर लागून, दारापुढे दगडी कट्टा, मागे परसू, आणि परसातल्या दोरीवर काय वाळत पडले आहे ते शेजारच्या चार घरांना सहज दिसावे अशी रचना. अशा घरातील तिसरीत शिकणारा एखादा आठ वर्षांचा मुलगा डोळ्यांसमोर आणावा. महिन्यातून दोनतीनदा त्याचे अंथरूण रात्री ओले होते. एरवी सारे ठीक आहे; अभ्यास बरा आहे, भूक चांगली आहे. तरीही परसात गोधडी वाळत पडली की त्या दिवशी तो कट्ट्यावर खेळायला येत नाही.

रोज रात्री अंथरूण ओले करणाऱ्या मुलाविषयी घरच्यांच्या मनात निदान शंका तरी येते, की याला काही व्याधी असावी. परंतु कधीतरी असे करणाऱ्या मुलाच्या वाट्याला ही शंकासुद्धा येत नाही. आठ रात्री तो कोरडा राहिला, मग नवव्या रात्री का राहू शकला नाही, असा प्रश्न वडील विचारतात. आणि त्याचे उत्तर त्यांनी आधीच ठरवलेले असते. आळस. लाडावलेपण. उठायचा कंटाळा. वरवर पाहता हा तर्क बिनतोड वाटतो. तो चुकीचा कसा आहे हे समजण्यासाठी रात्री शरीरात काय घडते ते पाहिले पाहिजे.

रात्रभर कोरडे राहण्यासाठी तीन गोष्टींचा मेळ जमावा लागतो. पहिली, रात्री तयार होणाऱ्या मूत्राचे प्रमाण. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक रक्तात सोडले जाते. ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याची आज्ञा देते. बहुतेक माणसांत रात्री त्याचे प्रमाण वाढते आणि मूत्र कमी व दाट होते. डेन्मार्कमधील ऑर्हुस येथील संशोधकांनी १९८० च्या दशकात असे दाखवून दिले की अंथरूण ओले करणाऱ्या काही मुलांत ही रात्रीची वाढ पुरेशी होत नाही. दुसरी गोष्ट मूत्राशयाची धारणाशक्ती. मुलाच्या वयात एक मिळवून येणाऱ्या संख्येला तीसने गुणले असता ती साधारणपणे मिलिलिटरमध्ये मिळते. म्हणजे आठ वर्षांच्या मुलात सुमारे २७० मिलिलिटर, मोठ्या पेल्याहून थोडेसे अधिक. तिसरी गोष्ट जागे होण्याची. मूत्राशय भरल्याचा संदेश झोपेतील मेंदूपर्यंत पोचून त्याने मुलाला उठवावयास हवे. काही मुलांत मज्जासंस्थेचा हा भाग सावकाश परिपक्व होतो. त्यांना हाका मारा, उचलून बसवा, ती उठल्यासारखी दिसतात, आणि सकाळी त्यांना त्यातले काहीही आठवत नाही.

आता आठ कोरड्या रात्री आणि एक ओली रात्र यांचा अर्थ लावता येतो. ज्या मुलाच्या बाबतीत या तिन्ही गोष्टी जेमतेम जुळलेल्या आहेत, तो नेहमीच्या रात्री काठावर तरून जातो. एखाद्या दिवशी घरी लग्नाचे पाहुणे येतात, मुले रात्री उशिरापर्यंत धावतात, दमून झोपतात. जेवणात साराबरोबर दोन पेले ताक होते. किंवा मैसूरकडील घरांत सर्रास घडते त्याप्रमाणे मोठ्यांच्या कॉफीतला उरलेला घोट मुलाला मिळतो, आणि कॉफी मूत्राचे प्रमाण वाढविते. त्या रात्री मूत्र थोडे अधिक आणि झोप थोडी अधिक गाढ, एवढ्यानेच मेळ मोडतो. यात मुलाची इच्छा कोठेही नाही. झोपेत असलेल्या माणसाने हट्ट केला असे म्हणता येत नाही.

आनुवंशिकतेचा वाटाही मोठा आहे. आईवडिलांपैकी एकाला लहानपणी हा त्रास असल्यास शंभरांपैकी सुमारे ४४ मुलांना तो होतो; दोघांनाही असल्यास सुमारे ७७ मुलांना; कोणालाच नसल्यास सुमारे १५ मुलांना. मुलावर सर्वांत जास्त संतापणारे वडील कित्येकदा स्वतः नऊदहा वर्षांचे होईपर्यंत गोधडी भिजवीत असत, हे घरातील अज्जीला, म्हणजे त्यांच्या आईला, चांगले ठाऊक असते. ती ते सांगत नाही. तिने ते नातवाला जवळ घेऊन सांगितले तर औषधाच्या बाटलीहून अधिक गुण येईल.

पाच वर्षांच्या शंभर मुलांपैकी सुमारे १५ आणि दहा वर्षांच्या शंभरांपैकी सुमारे ५ मुले अंथरूण ओले करतात. चाळीस मुलांच्या तिसरीच्या वर्गात असा मुलगा किंवा मुलगी एकटी असणे कठीणच. फक्त प्रत्येकाला आपण एकटेच आहोत असे वाटत असते. फोर्सिथ आणि रेडमंड यांनी १,१२९ मुलांचा अभ्यास करून १९७४ मध्ये दाखविले की दर वर्षी अशा शंभर मुलांपैकी सुमारे १५ मुले कोणत्याही उपचाराविना बरी होतात. अमेरिकेतील मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या वर्गीकरणानुसार पाच वर्षांवरील मुलाच्या बाबतीत आठवड्यातून निदान दोनदा आणि सलग तीन महिने असे घडल्यास, किंवा त्यामुळे मुलाला फार मनस्ताप वा अडचण होत असल्यास, त्यास विकार मानावे. आपल्या बन्नूरच्या मुलाचे रात्रींचे गणित त्या मर्यादेच्या बरेच आत आहे. त्याला बहुधा औषधाची गरज नाही. घरच्यांच्या वागण्याला मात्र वळण लागले पाहिजे.

याचा आरंभ सकाळी होतो. अंथरूण ओले दिसताच आईने आवाज न चढविता इतकेच म्हणावे, “झालं ते झालं, बाळा. चड्डी बदल, चादर बादलीत टाक, मी दुसरी काढते.” मुलाने चादर बादलीत टाकणे ही शिक्षा नव्हे, दात घासण्यासारखे ते एक काम आहे, आणि ते त्याने केल्यास त्याला आपणही काही करू शकतो असे वाटते. तीच चादर खांद्यावर देऊन त्याला भावंडांसमोरून चालविणे ही मात्र शिक्षाच होय. या दोहोंतील अंतर मुलाला अचूक कळते. शाळेत जाण्यापूर्वी त्याने अंघोळ करावी, म्हणजे अंगाला वास राहत नाही आणि कातडीही चरचरत नाही. गोधडीखाली रेक्झिनचा तुकडा आणि वर जुन्या साडीची घडी घातली, तर धुवावी लागते ती घडीच. जड गोधडी दोरीवर जातच नाही, आणि शेजाऱ्यांना कळण्यासारखे काही उरत नाही.

पाण्याविषयी मोठा गैरसमज आहे. संध्याकाळनंतर मुलाला पाण्याचा थेंबही मिळू नये असा कडक पहारा काही घरांत ठेवतात. खरा दोष पुष्कळदा दिवसा असतो. शाळेतील मुतारी अस्वच्छ असते, दार लागत नाही, म्हणून मूल सकाळपासून पाणी पीत नाही आणि लघवीलाही जात नाही. मुलींच्या बाबतीत हे अधिकच घडते. घरी आल्यावर तहानलेले मूल तांब्याच्या तांब्या रिकामे करते. म्हणून दिवसाच्या पाण्याची व्यवस्था आधी लावावी. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १,००० ते १,४०० मिलिलिटर द्रवपदार्थ लागतात, उन्हाळ्यात त्याहून अधिक. त्यातील बराचसा भाग दुपारपर्यंत पोटात जावा, दिवसातून चार ते सात वेळा लघवी व्हावी, चहाकॉफी टाळावी, आणि झोपण्याच्या आधी मुलाने शेवटचे जाऊन यावे. परसातील संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नसेल, तर आठ वर्षांचे मूल अंधारात एकटे जाणार नाही. “जाऊन आलो” असे खोटेच सांगेल. अशा वेळी एका दिव्याने जे साधते ते दहा उपदेशांनी साधत नाही.

मलावरोधाकडेही लक्ष द्यावे. आतड्यात साठलेला कठीण मळ मूत्राशयावर दाब देतो आणि त्याची धारणाशक्ती घटते. पोट साफ होऊ लागल्यावर अंथरूणही कोरडे राहू लागले, असा अनुभव डॉक्टरांना वारंवार येतो.

रात्री मुलाला उचलून नेण्याने त्या रात्रीपुरते अंथरूण वाचते. त्याने सवय लागते असे मात्र दिसत नाही. नेलेच तर पूर्ण जागे करून न्यावे. बक्षीस द्यायचे तर ते कोरड्या रात्रीबद्दल देऊ नये, कारण ती मुलाच्या हाती नाही. झोपण्यापूर्वी आठवणीने जाऊन आल्याबद्दल द्यावे. आणि घरगुती उपायांचे काय? तीळगूळ खाऊ घालणे, दृष्ट काढणे, हे दक्षिणेत आणि महाराष्ट्रात सारखेच चालते. सल्ला देणाऱ्यांची आपल्याकडे कधी टंचाई पडत नाही. तीळगुळाने अपाय नाही, म्हणून त्यावर वाद घालू नये. चटके देणे, रात्रभर ओल्यात झोपू देणे, भूत घालविण्यासाठी मारणे, हे उपाय नव्हेत. ती क्रूरता आहे, आणि ती करणाऱ्याला थांबविणे हे घरातील प्रत्येक प्रौढाचे काम आहे.

ओल्या रात्री वारंवार येऊ लागल्या आणि मूल सहासात वर्षांच्या पुढे गेले, तर गजराचे साधन उपयोगी पडते. त्याचा उगम मोठा मजेदार आहे. १९०४ मध्ये फाउंडलर या बालरोगतज्ज्ञाने रुग्णालयातील मुलांचे अंथरूण ओले होताच परिचारिकेला कळावे म्हणून विजेची घंटा बसविली. काही दिवसांत त्यांच्या लक्षात आले की घंटा वाजत राहिलेली मुले कोरडी राहू लागली आहेत. पुढे १९३८ मध्ये अमेरिकेत मॉरर दांपत्याने त्यावरून पद्धतशीर उपचार घडविला. चिकाटीने दोनतीन महिने वापरल्यास सुमारे दोन-तृतीयांश मुलांना गुण येतो, मात्र सुरुवातीला घंटेने सारे घर जागे होते आणि मूल तेवढे झोपलेले राहते; पालकांनी उठून त्याला उठवावे लागते. डेस्मोप्रेसिन हे औषध सहलीसारख्या ठरावीक रात्रींसाठी डॉक्टर देतात. त्यासोबत रात्री पाणी बेताने प्यावे लागते, नाहीतर रक्तातील क्षाराचे प्रमाण धोकादायक रीतीने घटते. म्हणून ते स्वतःच्या मनाने आणू नये.

काही खुणा दिसल्यास वाट पाहू नये. सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल अचानक पुन्हा ओले करू लागले, दिवसाही कपडे भिजतात, लघवी करताना जळजळ, ताप, बारीक धार, पाय लटपटतात, झोपेत जोराने घोरते, किंवा तहान फार लागून वजन उतरते, जे मधुमेहाचे लक्षण असू शकते. मग लघवी व रक्तातील साखर लगेच तपासून घ्यावी. बन्नूरकरांना त्यासाठी मैसूरचे चेलुवांबा हे स्त्रिया व मुलांचे सरकारी रुग्णालय आहे. इतरत्र जवळच्या आरोग्य केंद्रापासून आरंभ करावा. अचानक बदलामागे कधी धाकट्या भावंडाचा जन्म असतो, कधी घरातील मृत्यू, कधी शाळेतील मार, आणि क्वचित कोणा मोठ्या माणसाने मुलाशी केलेले दुर्वर्तनही असते. मुलाला एकटे घेऊन, घाई न करता विचारावे.

राहिला प्रश्न वसतिगृहाचा. बिहारमधील मोतिहारी येथे १९०३ मध्ये जन्मलेले इंग्रज लेखक जॉर्ज ऑर्वेल यांना आठव्या वर्षी इंग्लंडमधील एका निवासी शाळेत घातले गेले आणि अंथरूण ओले केल्याबद्दल त्यांना छडीचा मार बसला. प्रौढपणी लिहिलेल्या निबंधात त्यांनी ते नोंदविले, आणि तो निबंध त्यांच्या मृत्यूनंतर, १९५२ मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे ती गोष्ट ते जन्मभर विसरले नाहीत. आज खेड्यापाड्यांतील पुष्कळ मुले पाचवीसहावीपासून आश्रमशाळेत किंवा निवासी विद्यालयात जातात. अशा मुलाच्या पालकांनी प्रवेशाच्या वेळीच अधीक्षकांना एकांतात सांगून ठेवावे. मुलाची जागा दाराजवळ, संडासाच्या वाटेवर मागून घ्यावी, ट्रंकेत रेक्झिनचा तुकडा, दोन जादा चादरी आणि गडद रंगाची अर्धी चड्डी द्यावी. ओली चादर सकाळी कोणाकडे द्यायची आणि कोरडी कोठून घ्यायची, हे अधीक्षकांसमोर मुलालाही दाखवून ठेवावे, म्हणजे पहिल्याच ओल्या पहाटे त्याला ती ट्रंकेत कोंबून लपवावी लागणार नाही.