वाय-फायची वाट बघत बसू नका



खरिपाचे दिवस आले की पैठण, फुलंब्री, कन्नडकडच्या कितीतरी जणी मोबाइल घेऊन बांधावर जातात. कपाशीची नोंद सातबाऱ्यावर करायची असते. १५ ऑगस्ट २०२१ पासून आपल्या राज्यात ही नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आपली आपणच करतो. पण ॲप उघडावं तर समोर येतं, ‘आधी अपडेट करा’. बटण दाबावं तर नुसतं गोल फिरतं आणि खाली दिसतं, ‘वाय-फायची वाट पाहत आहे’. ताईला वाटतं, मोबाइलच बिघडला.

मोबाइल बिघडलेला नसतो, ताई. डेटा वाचावा म्हणून प्ले स्टोअरमध्ये ‘फक्त वाय-फायवर डाउनलोड’ अशी सेटिंग असते. शहरात बऱ्याच घरी वाय-फाय असतं, तिथं ती कामाची. आपल्या घरी वाय-फाय नाही, म्हणून मोबाइल वाट बघतच बसतो. इकडे नोंदीची मुदत निघून जाते आणि नुकसानभरपाईच्या वेळी सातबारा कोरा निघतो.

उपाय सोपा आहे. प्ले स्टोअर उघडा, वर कोपऱ्यातल्या आपल्या फोटोवर किंवा अक्षरावर बोट ठेवा. सेटिंग्जमध्ये नेटवर्कची प्राधान्यं असा भाग असतो. तिथं ॲप डाउनलोडसाठी ‘दर वेळी मला विचारा’ हे निवडा. आपोआप अपडेट मात्र ‘फक्त वाय-फायवर’च राहू द्या, नाहीतर नको त्या ॲपवर डेटा जाईल.

आता डेटाचं गणित बघू. एक जीबी म्हणजे साधारण १००० एमबी. दिवसाचा डेटा संपला की बऱ्याच प्लॅनमध्ये नेट बंद होत नाही, पण वेग ६४ केबीपीएसवर येतो. त्या वेगानं ६० एमबीचं ॲप उतरायला दोन तासांहून जास्त वेळ लागतो. म्हणून दिवसभर व्हिडिओ बघून संध्याकाळी ॲप घ्यायला बसू नका. बहुतेक प्लॅनमध्ये नवा डेटा रात्री बारा वाजता सुरू होतो आणि आदल्या दिवशीचा उरलेला वाया जातो. जेवणं आटोपली की त्या उरलेल्या डेटावर एकच गरजेचं ॲप उतरवून घ्या. सकाळी शेतात जाल तेव्हा काम तयार असेल.

मैत्रिणीच्या मोबाइलचं हॉटस्पॉट घेता ना? तेव्हा जपून. आपल्या मोबाइलला ते वाय-फायच वाटू शकतं. मग थांबलेले सगळे अपडेट एकदम सुरू होतात आणि तिचा दिवसाचा डेटा घटकेत संपतो. हॉटस्पॉट जोडण्याआधी आपोआप अपडेट बंद करा.

आणखी एक. ‘डेटा कशाला घालवता, मी व्हॉट्सॲपवर ॲपची फाइल पाठवतो’ असं कोणी म्हटलं, तर घेऊ नका. अशा एपीके फाइलमधून बँकेचे पैसे चोरणारी ॲप पसरवली जातात. ॲप प्ले स्टोअरवरूनच घ्यायचं. रेल्वे स्टेशन किंवा बसस्टँडवरच्या फुकट वाय-फायवर ॲप उतरवायला हरकत नाही, पण तिथं बँकेचा पिन टाकू नका आणि ओटीपी तर कुठंच कोणाला सांगू नका.

गावाला वाय-फाय मागायचाही आपल्याला हक्क आहे. भारतनेट योजनेत ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची केबल नेली जाते. आपल्या ग्रामपंचायतीत ती आली का, चालू आहे का, हे ग्रामसभेत विचारा. डिसेंबर २०२० मध्ये मंजूर झालेल्या पीएम-वाणी योजनेत किराणा दुकानदारही परवाना न काढता वाय-फाय देऊ शकतो. ही गोष्ट आपल्या दुकानदाराला सांगा.

गटाच्या येत्या बैठकीत हप्ते जमा झाले की दहा मिनिटं काढा. सगळ्यांनी मोबाइल पुढं ठेवा आणि प्रत्येकीची ती एक सेटिंग बघा. जिला जमलं तिनं शेजारणीला दाखवा.