येऊ… बहुतेक येऊ… जमलंच तर येऊ!

दोस्तांनो, अशी कल्पना करा, की इंग्लंडमध्ये तुमची एक पत्रमैत्रीण आहे. ईस्टरच्या सुट्टीत ती आईबाबांबरोबर भारतात येणार आहे. गुढीपाडव्याला तिनं तुमच्या घरी जेवायला यावं, असं तुम्हाला फार वाटतंय. इकडे आई विचारतेय, "पुरणपोळ्या किती माणसांच्या करू? ते तिघं येणार आहेत की नाही, एकदा काय ते सांग."

मैत्रिणीची आतापर्यंत तीन पत्रं आलीत. पहिल्यात आहे, "वुई माइट जस्ट मॅनेज इट." दुसऱ्यात आहे, "वुई मे वेल कम." आणि तिसऱ्यात, "वुई विल प्रॉबेब्ली कम."

आता सांगा, आईला काय उत्तर द्याल? "तिन्ही पत्रांत एकच तर आहे, येतील कदाचित!" असं म्हणालात, तर फसलात! ही तीन वाक्यं एकाच शिडीच्या तीन वेगवेगळ्या पायऱ्यांवर उभी आहेत. पहिल्याचा अर्थ, "जमलंच तर जमेल, फार आशा धरू नकोस." दुसऱ्याचा, "येण्याचा बराच संभव आहे." आणि तिसऱ्याचा, "बहुतेक येऊच." म्हणजे प्रत्येक पत्रागणिक पुरणपोळ्यांचा आकडा वाढत चाललाय, बरं का!

ही शिडी तयार होते दोन प्रकारच्या शब्दांनी. पहिला प्रकार म्हणजे माइट, कुड, मे, विल, मस्ट ही साहाय्यक क्रियापदं. व्याकरणात त्यांना 'मोडल' म्हणतात. माइट आणि कुड खालच्या पायरीवर. मे त्यांच्याच शेजारी. (काहींच्या कानाला माइट जरा जास्त डळमळीत वाटतं, पण आजकाल पुष्कळ इंग्रज दोन्ही एकाच अर्थानं वापरतात.) विल आणि मस्ट वरच्या पायऱ्यांवर.

पण नुसत्या पायरीवर काम भागत नाही. बोलणाऱ्याला कधी अर्धी पायरी वर चढायचं असतं, कधी अर्धी खाली उतरायचं असतं. तिथे धावून येतो दुसरा प्रकार. पॉसिब्ली, प्रॉबेब्ली, वेल, जस्ट, सर्टनली, शुअरली ही क्रियाविशेषणं! रेडिओचा आवाज आपण बटण फिरवून कमीजास्त करतो ना, तसं ही मंडळी खात्री कमीजास्त करतात.

'वेल' पाहा. शाळेत शिकलो, वेल म्हणजे चांगलं. पण मे, माइट किंवा कुडच्या मागे बसला, की त्याचा चांगलं-वाईटाशी काही संबंध उरत नाही. "इट मे रेन" म्हणजे पाऊस येईल कदाचित. "इट मे वेल रेन" म्हणजे छत्री घेतलेली बरी! उलट माइटच्या मागे 'जस्ट' आला, की आशेचा धागा अगदी बारीक होतो. बारीक होतो, पण तुटत मात्र नाही.

'पॉसिब्ली' तर मोठा बहुरूपी आहे. "शी माइट पॉसिब्ली कम" म्हटलं, की माइट आणि पॉसिब्ली दोघंही एकच सूर लावतात, 'कदाचित'. अशा सुरात सूर मिसळणाऱ्या जोड्यांना जॉन लायन्स या ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञानं 1977 मधल्या आपल्या ग्रंथात 'हार्मोनिक', म्हणजे सुसंवादी, असं छान नाव दिलंय. पण हाच पॉसिब्ली नकाराच्या मागे गेला, की बघा हं! "शी कान्ट पॉसिब्ली कम." इथे 'कदाचित' कुठल्या कुठे पळालं. अर्थ झाला, "तिला येणं शक्यच नाही!" आणि "कुड यू पॉसिब्ली हेल्प मी?" यात तर शंकाच नाही, नुसती अदब आहे. "जरा मदत कराल का?" एवढाच त्याचा अर्थ.

काही जोड्या मात्र बेसूर होतात. मेबरोबर सर्टनली बसवून बघा. "यू मे सर्टनली कम." हा अंदाज राहातच नाही, परवानगी होते. "खुशाल ये!"

आता एक कोडं. मैत्रिणीच्या घरात दिवा दिसतोय, म्हणून कुणी म्हणालं, "शी मस्ट बी ॲट होम." दुसरा नुसतंच म्हणाला, "शी इज ॲट होम." कुणाची खात्री जास्त? मस्ट केवढा जोरदार शब्द! तरीही उत्तर आहे, दुसऱ्याची. ज्यानं तिला डोळ्यांनी पाहिलं, त्याला मस्टची गरजच काय? मस्ट म्हणणारा दिव्यावरून तर्क करतोय. आपल्या मराठीत हा फरक अगदी चोख आहे. "ती घरी आहे" आणि "ती घरी असणार". शिवाय "असेल" आहे, "असावी" आहे. इंग्रज जे काम वेगळे शब्द जोडून करतात, त्यातलं पुष्कळसं आपण क्रियापदाचं रूप बदलून करतो. आणि त्या मस्टला 'शुअरली' जोडला, तर खात्री वाढण्याऐवजी बोलणारा आपल्याकडे होकार मागतोय असं वाटतं. "असणारच ना ती घरी? काय?"

तुम्ही म्हणाल, "एवढा कीस कशाला काढायचा? अर्धी पायरी इकडे काय अन् तिकडे काय!" तर मग ही खरी घडलेली गोष्ट ऐका.

साल 1951. युगोस्लाव्हिया या देशाचं सोव्हिएत रशियाशी 1948 मध्येच बिनसलं होतं. आता रशिया आणि त्याचे साथीदार देश युगोस्लाव्हियावर हल्ला करतील का, याची काळजी अमेरिकेला लागली होती. सीआयए या अमेरिकेच्या गुप्तवार्ता संस्थेतल्या तज्ज्ञांनी अहवाल तयार केला. त्यात म्हटलं होतं, की या वर्षी हल्ला होणं ही 'सीरियस पॉसिबिलिटी' मानायला हवी. म्हणजे गंभीर शक्यता.

तज्ज्ञांत शर्मन केंट नावाचे गृहस्थ होते. पूर्वी ते इतिहासाचे प्राध्यापक होते. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातल्या एका अधिकाऱ्यानं त्यांना सहज विचारलं, "गंभीर शक्यता म्हणजे नेमकी किती हो?" केंट म्हणाले, "माझ्या मते शंभरात पासष्ट." अधिकारी चमकलाच! त्यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो आकडा कितीतरी कमी धरला होता.

केंट अस्वस्थ झाले. अहवाल लिहिणाऱ्या आपल्या सहकाऱ्यांना त्यांनी एकेक करून विचारलं, "तुमच्या मनात किती होते?" कुणी म्हणालं शंभरात वीस, तर कुणी म्हणालं ऐंशी! ज्या शब्दांवर सगळ्यांनी एकमतानं मान डोलावली होती, त्यांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात निराळा होता. नशीब, तो हल्ला झालाच नाही. पण असल्या अहवालावरून सैन्य कुठे पाठवायचं, हे ठरत असतं. तिथे वीस आणि ऐंशी यांतला फरक म्हणजे गंमत नव्हे.

म्हणून केंटनी शब्दांना आकडे बांधून द्यायचं ठरवलं. 1964 मधल्या लेखात त्यांनी तक्ताच दिला. 'ऑलमोस्ट सर्टन' म्हणजे शंभरात सुमारे 93. 'प्रॉबेबल' म्हणजे सुमारे 75. 'प्रॉबेब्ली नॉट' म्हणजे घडण्याची शक्यता सुमारे 30. काही सहकाऱ्यांना ही आकडेमोड मुळीच रुचली नाही. केंटनी मग त्यांना नाव ठेवलं 'कवी', आणि आपल्या बाजूच्यांना 'गणिती'!

गणिती मंडळींची ही रीत आज शास्त्रज्ञांनीही उचललीय. पृथ्वीच्या हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीच्या, आयपीसीसीच्या, अहवालांत 'लाइकली' म्हणजे शंभरात किमान 66, 'व्हेरी लाइकली' म्हणजे किमान 90 आणि 'व्हर्च्युअली सर्टन' म्हणजे किमान 99, असं ठरवून दिलेलं आहे. एका छोट्याशा 'व्हेरी'नं आकडा 66 वरून 90 वर जातो!

तुम्हाला रोजच्या बोलण्यात आकडे लावायची गरज नाही. पण इंग्रजी लिहिताना दोन गोष्टी ध्यानात ठेवा. एक म्हणजे, प्रॉबेब्लीची जागा सहसा मोडलच्या मागे असते, "शी विल प्रॉबेब्ली कम". मात्र 'वोन्ट' आला, की तो पुढे उडी मारतो, "शी प्रॉबेब्ली वोन्ट कम". दुसरी म्हणजे, 'मे' आणि 'बी' जोडून लिहिलं तर ते क्रियाविशेषण होतं, कदाचित. तोडून लिहिलं तर ते क्रियापद, असेल. "मेबी शी इज इल" यात जोडायचं. "शी मे बी इल" यात तोडायचं. परीक्षेत इथे हमखास गुण जातात!

आणि तिसरी गोष्ट व्याकरणाची नाही, मनाची आहे. आपल्याला जेवढं ठाऊक आहे, तेवढ्याच पायरीवर उभं राहायचं. ऐकीव बातमीला 'डेफिनिटली' चिकटवायचं नाही आणि पक्कं माहीत असताना 'माइट' म्हणून अंग काढून घ्यायचं नाही. आपल्या शब्दांवर विसंबून कुणीतरी पुरण शिजायला घालत असतं!

अरे हो, मैत्रिणीचं चौथं पत्र आलंय. "वुई विल डेफिनिटली ट्राय टु कम." वा! डेफिनिटली! आता नक्कीच येणार, असं म्हणून धावत आईकडे निघालात ना? थांबा. वाक्य पुन्हा एकदा वाचा. 'नक्की' काय आहे, त्यांचं येणं की त्यांचा प्रयत्न?

मग सांगा पाहू, पुरणपोळ्या किती करायच्या?