डोंगर रचता रचता हात वळू लागला

दिवाळी जवळ आली की आपल्याकडे गल्लोगल्ली मुलांची किल्ला करण्याची धांदल सुरू होते. विटा, दगड, जुनी पोती, चिखल, वर पेरलेली मोहरी आणि शेंड्यावर सिंहासनावर बसलेले महाराज. मोठी माणसे म्हणतात, ‘कपडे खराब करू नका रे!’ आणि तेवढ्यावर विषय संपतो. आज या सदरात मी अशाच एका डोंगराची हकिगत सांगणार आहे. फरक एवढाच की तो किल्ल्याचा डोंगर नव्हता, तो आगगाडीचा घाट होता. तो रचणाऱ्या दोघांपैकी एक बारा वर्षांचा होता आणि दुसरा बहात्तर वर्षांचा. या हकिगतीत माझी स्वतःचीही एक चूक आहे. ती सांगितल्यावाचून लेख पुरा होणार नाही.

मुठीत न येणारा चेंडू

हे आजोबा येडशीकडचे. घरात आणि गावात सारे त्यांना आबा म्हणतात. नोकरी रेल्वेत गँगमनची. उन्हातान्हात रूळ सांभाळण्यात उमर गेली. मृगाच्या सुमारास एका पहाटे ते उठले तो उजवा हात लुळा, तोंड वाकडे आणि शब्द जड. घरच्यांनी आधी झाडपाल्याचे औषध दिले, मग कुणीतरी सांगितले म्हणून मालिश केली. दवाखान्यात आणले तेव्हा संध्याकाळ झाली होती. मेंदूतील रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते, आणि त्याआधी सी.टी. स्कॅन करून रक्तस्राव नाही ना, याची खात्री करावी लागते. ती वेळ केव्हाच टळून गेली होती.

जीव वाचला. चालणेही बऱ्यापैकी सुधारले. पण उजवा हात मागे राहिला. बोटे आखडलेली, आणि मनगटापासून खाली स्पर्शाची जाणीव फारच कमी. मी त्यांना व्यायाम शिकवले. रबरी चेंडू मुठीत दाबायचा, बोटे उघडायची, मनगट वळवायचे. दिवसातून चार वेळा.

महिन्याने ते आले तेव्हा सुनेने चेंडू माझ्या टेबलावर ठेवला. तो जसाच्या तसा होता. “हात बी लावत न्हाईत,” ती म्हणाली. “दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहत्यात. जेवा म्हटलं तर जेवत्यात, न्हाई तर न्हाई.”

आबा म्हणाले, “आवं डॉक्टरसाहेब, रूळ उचललेला हात हाय ह्यो. त्यानं चेंडू दाबत बसू व्हय? लेकरावाणी?”

मला त्यांचा राग आला नाही. अर्धांगवायूनंतर साधारणपणे तीन रुग्णांपैकी एकाला नैराश्य गाठते. घरचे त्याला आळस म्हणतात, हट्ट म्हणतात. प्रत्यक्षात तो आजाराचाच भाग असतो आणि त्यावर औषध असते. ते मी सुरू केले. पण औषधाने माणूस उठून बसला, तरी उठून करायचे काय, हा प्रश्न उरतोच.

घाट कसा असतो?

त्याचे उत्तर नातवाने दिले. त्याला तुळजापूरच्या यात्रेत बॅटरीवर चालणारी छोटी आगगाडी घेऊन दिली होती. गणपतीत आरास म्हणून त्याने प्लायवूडच्या फळीवर रूळ मांडले आणि पुठ्ठ्याचे तीन टोकदार डोंगर उभे केले, कॅलेंडरवरच्या हिमालयासारखे. आबा पलंगावरून बघत होते. बऱ्याच दिवसांनी ते आपणहून बोलले, “डोंगर आसा असतोय व्हय रं?”

त्यांचे म्हणणे अगदी खरे होते. आपला बालाघाट टोकदार नाही. लाव्हारसाचे थर एकावर एक बसून हा काळा पाषाण तयार झाला आहे. त्यामुळे आपले डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे आणि माथ्यावर सपाट असतात, भाकरींची चवड रचावी तसे. ज्या रामलिंगच्या घाटात आबांची नोकरी झाली, तिथे रोज दिसणारी गोष्ट पोराच्या डोंगरात नव्हती.

तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. बार्शी लाईट रेल्वे ही अडीच फूट रुंदीच्या रुळांची गाडी. एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअरने ती उभी केली. 1897 साली ती बार्शी रोड, म्हणजे आजचे कुर्डुवाडी, ते बार्शी अशी सुरू झाली आणि येडशीवरून 1911 साली लातूरला पोचली. 1954 साली ती सरकारने ताब्यात घेतली. पुढे रुंद रूळ पडले, 2007-08 मध्ये नवी गाडी जिल्ह्याच्या गावाला आली आणि छोटी गाडी आठवणीत जमा झाली. नातवाने ती पाहिलेलीच नाही. आजोबांच्या डोक्यात मात्र तिची प्रत्येक मोरी आणि प्रत्येक वळण जागेवर होते.

दुसऱ्या दिवशी टोकदार डोंगर मोडले गेले आणि रामलिंगचा घाट रचायला सुरुवात झाली.

हा काही नुसता पोरखेळ नव्हे

पुण्याला कोथरूडमध्ये भाऊसाहेब जोशी यांनी उभे केलेले छोट्या रेल्वेचे संग्रहालय आहे. ते 1 एप्रिल 1998 रोजी सुरू झाले. तेथे डोंगर, बोगदे, पूल, स्टेशने आणि त्यातून धावणाऱ्या इवल्याशा गाड्या आहेत. पुण्याला गेलात तर मुलांना अवश्य दाखवा. जगभर हा छंद मोठी, शिकलेली माणसे आयुष्यभर जोपासतात. त्यात प्रमाण सांभाळावे लागते. फार प्रचारात असलेले प्रमाण सत्त्याऐंशीस एक असे आहे. त्या हिशेबाने बार्शी लाईटचे अडीच फुटांचे रूळ जेमतेम पावणेनऊ मिलिमीटर रुंद होतील. पण शंभर मीटर उंचीचा डोंगर मात्र एक मीटर पंधरा सेंटिमीटरचा करावा लागेल. तो घरात मावायचा कसा? म्हणून जाणकार लोक डोंगराची उंची कमी करतात, पण त्याचा घाट, त्याचे थर आणि रंग तसेच ठेवतात. आबांनी हे कुणाकडून न शिकता केले.

पद्धत सोपी आहे. खोक्याच्या पुठ्ठ्याच्या बोटभर रुंद पट्ट्या कापायच्या. त्या उभ्याआडव्या विणून टोपलीसारखा सांगाडा करायचा. आत चुरगळलेले कागद भरायचे. वर रद्दी कागदाचे तुकडे कणकेच्या खळीत बुडवून तीन-चार थर चिकटवायचे. वाळल्यावर वरून पातळ लेप. त्यावर काळपट करडा रंग, पायऱ्यांवर तांबूस माती, आणि रंगवलेल्या लाकडाच्या भुश्शाचे गवत. झाडांसाठी बोरीबाभळीच्या वाळक्या काड्या.

आता यातले प्रत्येक काम हाताच्या दृष्टीने पाहा. कागद फाडणे म्हणजे चिमटीचा व्यायाम. पट्टी विणणे म्हणजे बोटांचा एकमेकांशी मेळ. कागद चुरगळणे म्हणजे तोच चेंडू दाबणे. ब्रश फिरवणे म्हणजे मनगटाचा व्यायाम. मी चार वेळा सांगून जे झाले नाही, ते आबा दिवसातून दोन-दोन तास करू लागले आणि त्याला व्यायाम म्हणत नव्हते!

यामागे शास्त्र आहे. अर्धांगवायूत मेंदूचा जो भाग मरतो तो परत उगवत नाही. पण आजूबाजूचे भाग त्याचे काम थोडेफार शिकून घेऊ शकतात. शिकण्यासाठी तीच हालचाल शेकडो वेळा व्हावी लागते, आणि ती काहीतरी उद्देशाने केलेली असेल तर शिकणे चांगले होते. सुधारणा पहिल्या तीन महिन्यांत सर्वांत वेगाने होते. पण पुढे दार बंद होते असे नाही. सराव चालू ठेवणाऱ्याला नंतरही फायदा होतो.

माझी चूक

आबांची प्रगती पाहून मला एवढा आनंद झाला की मी दवाखान्यात उरलेली प्लास्टरच्या बँडेजची चार भेंडोळी नातवाला दिली. हाड मोडल्यावर गुंडाळतो तीच. डोंगर करायला ती फार छान. ओली केली, पसरली की काही मिनिटांत घट्ट. मी म्हणालो, “मजा करा!” आणि दुसऱ्या पेशंटकडे वळलो.

भेंडोळी संपली तेव्हा पोराने दुकानातून प्लास्टर ऑफ पॅरिसची पिशवी आणली. लवकर घट्ट व्हावे म्हणून कोमट पाण्यात दाट कालवले. बोगद्याची कमान ढासळू नये म्हणून आबांनी उजवा हात आतून आधाराला लावला आणि वरून नातवाने गोळा थापला. हात तसाच राहिला. दहा-पंधरा मिनिटांनी पोराने वरून बोट लावले आणि ते झटकन मागे घेतले. “आबा, हे गरम झालंय!”

आबा म्हणाले, “मला तर काय बी कळंना.”

हात काढला तेव्हा तळवा लालभडक होता. संध्याकाळपर्यंत फोड आले.

प्लास्टर पाण्यात कालवले की त्याचा पुन्हा जिप्सम होतो, आणि त्या क्रियेत उष्णता बाहेर पडते. पातळ थरात ती जाणवत नाही. दाट गोळ्यात ती साठते आणि साठ अंशांच्या पुढे जाऊ शकते. इंग्लंडमध्ये 2007 साली एका शाळकरी मुलीने हाताचा साचा काढण्यासाठी प्लास्टरच्या बादलीत हात घातला आणि तिला बहुतेक बोटे गमवावी लागली. धडधाकट माणसाला निदान चटका कळतो आणि तो ओरडतो. बधिर हाताला चटका कळत नाही. हे मला ठाऊक होते. रोज प्लास्टर घालणाऱ्या माणसाला ते ठाऊक असणारच. पण भेंडोळी देताना त्या हाताला जाणीव नाही, हा विचार माझ्या मनात आला नाही. मी आबांची आणि सुनेची माफी मागितली.

आबा म्हणाले, “असू द्या. पण घाट अर्धा ऱ्हायलाय.”

घटस्थापनेच्या आदल्या दिवशी भाजलेला तळवा बरा व्हायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस आबांनी डाव्या हाताने काम केले आणि तोंडाने नातवाकडून करवून घेतले. जडावलेली जीभ त्या निमित्ताने हलली, हा एक न ठरवलेला लाभ. नंतर बोगदा खळ आणि कागदाचाच केला.

घरी असा उद्योग करणाऱ्यांसाठी

1. प्लास्टर कधीही हाताने कालवू नये. काठी किंवा चमचा वापरावा. गार पाणी घ्यावे आणि थर पातळ लावावा. हात, पाय, बोट त्यात बुडवून साचा काढण्याचा खेळ मुलांना करू देऊ नये.

2. अर्धांगवायू झालेल्या आणि ज्यांचे हातपाय मधुमेहाने बधिर झाले आहेत अशा मंडळींनी प्लास्टर, गरम सळई, गरम पाणी यांपासून दूर राहावे. रोज झोपण्यापूर्वी हात आणि तळपाय डोळ्यांनी तपासावेत.

3. भाजल्यास ताबडतोब वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, हळद यांपैकी काहीही लावू नये. फोड फोडू नयेत. स्वच्छ कापड सैल गुंडाळून दवाखाना गाठावा.

4. प्लास्टरची आणि भुश्शाची धूळ छातीत जाते. दमेकऱ्यांनी हे काम टाळावे, इतरांनी नाकातोंडाला रुमाल बांधून अंगणात करावे.

5. थर्माकोल वापरू नये. 2018 पासून राज्यात सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे. शिवाय तापल्या तारेने कापताना किंवा जाळताना त्याचा धूर घातक असतो. रद्दी आणि पुठ्ठा स्वस्त आणि निर्धोक आहेत.

6. ब्लेडची कामे मोठ्यांनी करावीत. जखम झाल्यास धुऊन धनुर्वाताच्या इंजेक्शनबद्दल विचारावे.

7. बारीक काम भरपूर उजेडात करावे. अर्ध्या तासाने उठावे, चार पावले चालावे, लांब पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचे. तोंड वाकडे होणे, हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, यांतले एक जरी लक्षण अचानक दिसले तर वेळ पाहून ठेवा आणि सी.टी. स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात तत्काळ न्या. मालिश, झाडपाला यांत एक मिनिटही घालवू नका. आबांचा तो एक दिवस वाया गेला नसता, तर कदाचित हा घाट त्यांना दोन्ही हातांनी रचता आला असता.

वसुबारसेच्या संध्याकाळी मला बोलावणे आले. फळीवर रामलिंगचा घाट उभा होता. सपाट माथा, काळ्या पायऱ्या, खाली सुकलेले गवत, आणि झाडीत इवलेसे देऊळ. आबांनी उजव्या हाताच्या अंगठ्याने बटण दाबले. पहिल्यांदा दाबले गेले नाही. दुसऱ्यांदाही नाही. नातू मदतीला पुढे झाला तर त्याला डाव्या हाताने मागे सारले. तिसऱ्यांदा बटण दाबले गेले आणि गाडी बोगद्यात शिरली.

हात पूर्ण बरा झालेला नाही, तो तसा होईल असे मी म्हणणारही नाही. पण सदऱ्याच्या दोन गुंड्या आबा आता स्वतः लावतात आणि चहाचा पेला उजव्या हाताने धरतात, मात्र चहा कोमट झाल्यावर, आणि डावा हात आधी लावून पाहून. तो नियम नातवाने घातला आहे आणि तो माझ्यापेक्षा कडक डॉक्टर आहे.

आपल्या घरात असे कुणी भिंतीकडे तोंड करून पडलेले असेल, तर त्याला व्यायाम कर म्हणण्यापूर्वी एवढे विचारून पाहा, “आबा, हे कसं असतं, जरा सांगा की.”