परक्याची मदत आणि सेवाग्रामची संमती

परमुलखातील आपत्तीचे वर्तमान ऐकून एखाद्या चर्चच्या मंडळीने रविवारच्या उपासनेनंतर वर्गणीची थैली फिरवावी, तिच्यात पडलेल्या लहानसहान नाण्यांचे धान्य, औषध किंवा कांबळी व्हावीत, आणि ती कधी दृष्टीसही न पडलेल्या माणसाच्या हाती जावीत, ही गोष्ट आता इतकी अंगवळणी पडली आहे की, तिच्यामागच्या खटाटोपाचा विचार आपण क्वचितच करतो. द्रव्य जमविणे हे त्यातले सर्वांत सोपे काम होय. ज्याला मदत करावयाची त्याचा विश्वास संपादन करणे आणि जमलेल्या पैपैचा जमाखर्च चोख ठेवणे, ही खरी दुर्घट कामे. या दोन्ही कामांचा वर्धा जिल्ह्याशी जो संबंध आला, त्याचे महत्त्व आपण पुरते ओळखलेले नाही.

विश्वासाचा प्रश्न जुना आहे. वर्धा ज्या मध्यप्रांतात मोडत असे, त्या प्रांतात १८९६-९७ साली दुष्काळ पडला तेव्हा पंडिता रमाबाई स्वतः तेथे गेल्या आणि निराधार मुली व विधवा मिळून सुमारे तीनशे जणींना त्यांनी आपल्या आश्रयाखाली घेतले. ज्यांचे स्वतःचे आईबाप उपासमारीने गेले होते, त्या बाईंना भुकेची ओळख कोणी करून देण्याची गरज नव्हती. पुढे १९०० साली 'क्विटो' नावाचे जहाज न्यूयॉर्कहून मका भरून मुंबईस आले. 'ख्रिश्चन हेरल्ड' या धार्मिक साप्ताहिकाच्या वाचकांच्या वर्गणीचा तो मका होता, आणि अमेरिकेहून आलेल्या अशा मदतीच्या वाटपाची व्यवस्था पाहणाऱ्यांत अहमदनगरचे मिशनरी रॉबर्ट ॲलन ह्यूम प्रमुख होते. या सर्वांनी सहस्रावधी जीव वाचविले, हे निर्विवाद. तथापि मिशनच्या अनाथालयांत आलेली पोरकी मुले पुढे बहुधा ख्रिस्ती होत, आणि मग गावोगाव 'बाटवाबाटवी'चा बोभाटा होई. तो बोभाटा निव्वळ द्वेषमूलक म्हणून झटकून टाकता येत नाही. भुकेने ज्याचा जीव कासावीस झाला आहे, त्याच्या होकाराला होकार म्हणावे काय, हा प्रश्न देणाऱ्याचा हेतू शुद्ध असला तरी शिल्लक उरतोच.

हिशेबाचा धडा बिहारात मिळाला. १५ जानेवारी १९३४ रोजी झालेल्या भूकंपानंतर राजेंद्रप्रसादांच्या अध्यक्षतेखाली जी मध्यवर्ती मदत समिती स्थापन झाली, तिच्या कार्यात वर्ध्याचे जमनालाल बजाज तर होतेच. परंतु समितीच्या हिशेबावर देखरेख करण्यासाठी ज्यांना बोलावून घेतले, ते जे. सी. कुमारप्पा तंजावरच्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेले, लंडनमध्ये हिशेबतपासणीचे शिक्षण घेतलेले गृहस्थ होते. कार्यकर्त्याच्या जेवणखर्चास रोजी तीन आणे, असा त्यांनी दंडक घातला, आणि प्रत्यक्ष गांधीजींच्या परिवाराचा खर्च समितीच्या खजिन्यातून देण्यासही ते राजी झाले नाहीत, अशी आठवण सांगतात. हेच कुमारप्पा पुढे वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारत ग्रामोद्योग संघाचे मंत्री झाले. त्याच बिहारात पिएर सेरेझोल नावाचा स्विस इंजिनिअर, आपल्या देशाच्या एका माजी राष्ट्राध्यक्षाचा पुत्र, हाती फावडे घेऊन मजुरांच्या बरोबरीने गावे पुन्हा वसविण्यास राबत होता. उपदेशाआधी श्रम, ही त्याची ख्रिस्तनिष्ठा.

१९४२ साली यांपैकी विश्वासाच्या प्रश्नाची कसोटी खुद्द वर्ध्याजवळच्या सेवाग्रामी, गांधीजींच्या आश्रमात लागली. जपानी फौजा ब्रह्मदेशात शिरल्या होत्या आणि कलकत्त्यावर बाँब पडणार अशी धास्ती होती, तेव्हा इंग्लंडमधील क्वेकर पंथीयांच्या 'फ्रेंड्स ॲम्ब्युलन्स युनिट'ने एक तुकडी हिंदुस्थानात धाडण्याचे ठरविले. क्वेकर मंडळींच्या उपासनेत पुरोहित नाही, सामान्यतः पठणही नाही. सारी सभा निःशब्द बसते, आणि कारभाराचे निर्णयसुद्धा मते मोजून होत नाहीत, सर्वांचे मन वळेपर्यंत थांबले जाते. शस्त्र न धरण्याचे व्रत असल्याने त्यांचे तरुण युद्धकाळात शुश्रूषेचे काम पत्करीत. तुकडीचे म्होरके होरेस अलेक्झांडर हे बर्मिंगहॅमजवळच्या वुडब्रुक येथील अध्यापक, पक्षिनिरीक्षणाचे व्यसनी आणि गांधीजींचे १९२८ पासूनचे स्नेही; त्यांचे सहकारी रिचर्ड सिमंड्स ऐन चोविशीतले. सरकारी परवाना त्यांच्यापाशी होता. तरीही त्या उन्हाळ्यात हे दोघे सेवाग्रामला गांधीजींच्या भेटीस गेले. इंग्रजांनी चालते व्हावे असे जो पुरुष उघडपणे म्हणत होता, आणि ज्याच्या या मागणीवर १४ जुलैस वर्ध्यालाच काँग्रेस कार्यकारिणीने शिक्कामोर्तब केले, त्याच्या दारी सेवेस आलेल्या इंग्रजांनी जावे, आणि त्याने त्यांना पाठिंबा द्यावा, यातच या प्रकरणाचे सार आहे. परवाना व्हाइसरॉयच्या कचेरीतून मिळू शकत होता. लोकांची संमती तेथे मिळण्याजोगी नव्हती.

त्या संमतीचे मोल लवकरच कळले. १६ ऑक्टोबर १९४२ रोजी बंगालच्या मेदिनीपूर जिल्ह्यावर चक्रीवादळ आणि समुद्राची लाट कोसळली. तो जिल्हा 'चले जाव' आंदोलनाने पेटलेला होता. डिसेंबरात तामलुक येथे बंडखोरांचे स्वतंत्र 'जातीय सरकार'ही उभे राहिले. सरकारी अंमलदारांना रयत शत्रू वाटे, रयतेला अंमलदार जुलमी वाटत. अशा ठिकाणी दोन्ही बाजूंना ज्यांचे वावडे नाही, अशीच माणसे अन्न घेऊन जाऊ शकत. क्वेकर तुकडी तेथे गेली. १९४३ चा महादुष्काळ आला, तेव्हा तिने मुलांसाठी दुधाची केंद्रे चालविली, आणि अमेरिकेतील क्वेकर समितीने पाठविलेल्या सामग्रीची त्यास जोड मिळाली. चौकशीसाठी नेमलेल्या वुडहेड आयोगाने त्या दुष्काळातील मृत्यूंचा आकडा पंधरा लाख धरला. पुढच्या अभ्यासकांनी तो तीस लाखांपर्यंत नेला. एवढ्या संहारापुढे दुधाची काही केंद्रे ती काय? परंतु त्या केंद्रांवर मुलाच्या धर्माची किंवा बापाच्या पक्षाची चौकशी होत नसे.

फाळणीनंतर अलेक्झांडर आणि सिमंड्स पंजाबच्या दोन्ही भागांत निर्वासितांच्या छावण्या पाहत हिंडले. त्याच १९४७ साली शांततेचे नोबेल पारितोषिक लंडन व फिलाडेल्फिया येथील क्वेकर संस्थांना विभागून मिळाले. त्या वर्षीच्या नामनिर्देशितांत स्वतः गांधीजीही होते. अमेरिकन समितीतर्फे पारितोषिक स्वीकारण्यास गेलेल्या हेन्री कॅडबरींकडे समारंभास साजेसा कोट नव्हता. गरजूंसाठी जमविलेल्या जुन्या कपड्यांच्या गोदामातून त्यांनी तो उसना घेतला आणि कार्य आटोपल्यावर परत केला. कुमारप्पांना ही काटकसर खचित आवडली असती. त्याच वर्षी निर्वासितांच्या मदतीसाठी भारतीय चर्चांनी जे संघटन उभारले, ते पुढे 'कासा' नावाने प्रसिद्धीस आले. ज्या ख्रिस्ती परिषदेच्या छत्राखाली ते जन्मले, तिचे मुख्यालय वर्ध्याच्या शेजारी, नागपुरास आहे.

मदतीचा पैसा आता क्षणात सातासमुद्रापार जातो, पण संमतीचा प्रश्न सुटलेला नाही. मणिपुरात मे २०२३ पासून जो वैरभाव पेटला, त्यात एका बाजूचे लोक बहुतांशी ख्रिस्ती आणि दुसऱ्या बाजूचे बहुतांशी हिंदू; तेथे चर्चची रसद आपल्या माणसांच्या छावणीत आपोआप पोचेल, समोरच्यांच्या छावणीत जाण्यासाठी मात्र त्यांचा विश्वास आधी जोडावा लागेल. म्हणून थैलीत नाणे टाकणाऱ्याने आपल्या मंडळीच्या खजिनदारास दोनच गोष्टी विचाराव्यात: हा पैसा कोणाच्या संमतीने तेथे चालला आहे, आणि त्याचा हिशेब मदत घेणाऱ्यांस पाहता येईल काय? पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'सरकारचा परवाना आहे' एवढेच मिळाले, तर ते अपुरे समजावे.